सोपानरावांचे रविवार

सरुबाई खळ्यात भात उफणत होती, तेव्हा कमरेला खोचलेला मोबाइल वाजला. नवऱ्याचा नंबर होता. रविवारी दुपारी सोपानराव बाहेर असले की फोन असा कधी करत नसत. सूप खाली ठेवून तिने फोन कानाला लावला, तर पलीकडून एका बाईचा आवाज आला.

"सोपानकाकांच्या घरून बोलताय ना? मी चैताली, लोणावळ्याहून. काका पडलेत. म्हणजे, त्यांना हार्ट अटॅक आलाय. ॲम्ब्युलन्समधून तळेगावला नेतायत. तुम्ही तिकडेच या. लगेच या."

"कोन पडलंय?"

"सोपानकाका."

"आन् तुमी कोन?"

फोनमध्ये मागे कुणीतरी रडत होतं आणि त्या रडण्याच्याही मागे पेटीसारखं काहीतरी वाजत होतं. बंद करायचं कुणाच्या लक्षात आलं नसावं. "तुम्ही या," एवढंच ती बाई म्हणाली आणि फोन कट झाला.

सरुबाई जागची हलली नाही. केसांवर, पापण्यांवर भाताचा भुसा बसला होता, तो झटकायचंही तिला सुचेना. नवऱ्याच्या फोनवरून बाई बोलली, हे आधी तिच्या डोक्यात शिरलं. नवरा पडला, हे मागाहून. मग ती पदर खोचून तशीच फाट्याकडे पळत सुटली.

कार्ला फाट्यावर तिच्या मुलाचं, संदेशचं, मिसळीचं छोटं हॉटेल होतं. रविवार म्हणजे गिऱ्हाइकांची झुंबड. आई भुशाने माखलेली, धापा टाकत आली तेव्हा त्याने हातातली किटली तिथेच टेकवली आणि "तुजे आबा, तळेगावच्या दवाखान्यात," एवढं ऐकून मोटारसायकलला किक मारली. जुन्या हायवेवर मुंबई-पुण्याच्या गाड्या तुंबल्या होत्या. तो साइडपट्टीवरून गाडी घालत होता, आणि मागे बसलेली सरुबाई एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, "ती बाई कोन व्हती रं?"

"बैठकीतली असंल कुणाची तरी," संदेश म्हणाला.

बैठक म्हणजे कंपनीतल्या जुन्या कामगारांची बैठक. सोपानराव तळेगावच्या एका कारखान्यात फिटर होते. रिटायर झाल्यावर घरची भातशेती बघायची आणि वेल्डिंगची लहानसहान कामं घ्यायची, असं त्यांचं चाललं होतं. दर रविवारी दुपारी जेवण झालं की ते इस्त्रीचा शर्ट घालून, कापडी पिशवी घेऊन लोणावळ्याला जात. "बैठक हाय," एवढं सांगत. मुळात माणूस कमी बोलणारा. घरात दिवसभरात त्यांची दहा वाक्यं झाली तर फार. त्यामुळे बैठकीत काय बोलणं होतं, हे सरुबाईने कधी खोदून विचारलं नव्हतं. उलट जुनी माणसं भेटतात तर तोंडी लावायला असावं म्हणून ती पिशवीत शेंगदाण्याच्या चटणीचा डबा घालून द्यायची. डबा नेहमी चाटूनपुसून रिकामा परत यायचा.

हॉस्पिटलात सोपानरावांना आत नेलं होतं. दाराबाहेर एक नर्स आली आणि तिने सरुबाईच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी दिली. "पेशंटचं सामान." आत पुढून फाडलेला इस्त्रीचा शर्ट होता, घड्याळ होतं आणि काळे चकचकीत बूट होते. सरुबाईने एक बूट हातात घेऊन उलटा केला. तळ चामड्याचा, गुळगुळीत. असे बूट घालून कुणी बांधावरून चार पावलं चाललं असतं तर घसरून पडलं असतं.

"हे आमच्या मालकांचे न्हाईत," ती म्हणाली. "दुसऱ्या कुणाचे दिलेत तुमी."

"त्यांच्याच पायातून काढलेत, मावशी."

"माझे मालक चपला घालत्यात."

नर्स आत गेली. तेव्हा सरुबाईचं लक्ष समोरच्या बाकाकडे गेलं. तिथे दोन बायका बसल्या होत्या. एक चाळिशीची, तीच चैताली. दुसरी साठीकडे झुकलेली, गुडघ्याखाली येणारा काळा झगा घातलेली, केस सुटलेले. तिचे दोन्ही हात मांडीवर उताणे पडले होते आणि नुसते थरथरत होते. सरुबाईला उभी पाहून दोघी उठल्या.

संदेशने विचारलं, "कुटं पडले आबा?"

"तुंगार्लीत. आमच्या हॉलवर," चैताली म्हणाली.

"कसली बैठक व्हती आज?"

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. चैताली म्हणाली, "बैठक नव्हती. आमचा टँगोचा ग्रुप आहे. टँगो म्हणजे नाच, जोडीने करायचा. दर रविवारी प्रॅक्टिस असते. महिन्यातून एकदा सगळे मिळून मोठा कार्यक्रम करतो, मिलोंगा म्हणतात त्याला. आज मिलोंगा होता. काका नाचता नाचता…"

"माझे आबा नाचत न्हाईत," संदेश म्हणाला. तो अगदी शांतपणे, चुकीचा पत्ता दुरुस्त करावा तसा म्हणाला. "माझ्या वरातीत सुद्धा मांडवाच्या खांबाला धरून उभे व्हते. तुमचा कायतरी घोटाळा झालाय."

सरुबाईने बूट पिशवीत ठेवले. "कुनाबरूबर नाचत व्हते?"

"माझ्याबरोबर," काळ्या झग्यातली बाई म्हणाली. तिने नजर चुकवली नाही. "माझं नाव ज्योत्स्ना. गाणं संपत आलं होतं. त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. मला वाटलं, दमले. मग सगळं वजनच माझ्यावर आलं."

संदेशचा आवाज एकदम चढला. कॉरिडॉरमधली माणसं वळून बघायला लागली. लाज नाही वाटत का, या वयात परक्या माणसाच्या गळ्यात पडता, साध्या माणसाला नादी लावता, असं तो बोलत सुटला. ज्योत्स्नाबाई ऐकत उभ्या होत्या. तेवढ्यात दार उघडून डॉक्टर बाहेर आले.

"पेशंट शुद्धीवर येतोय. ब्लॉक मोठा होता, काढलाय," ते म्हणाले. "पण खरं सांगू, हृदय तिथेच थांबलं होतं. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत कुणीतरी छाती दाबत राहिलं, म्हणून आम्हाला काही करता आलं. बरगड्या मोडल्यात त्यात, पण त्या भरून येतील. कोण होतं तिथे?"

चैतालीने ज्योत्स्नाबाईंकडे बोट दाखवलं. "या. नर्स होत्या पूर्वी."

सरुबाई त्या थरथरणाऱ्या हातांकडे बघत राहिली. ह्या हातांनी नवऱ्याला धरलं होतं आणि ह्याच हातांनी माघारी आणलं होतं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी तिच्या मनात मावेनात. ती भिंतीला टेकून खाली फरशीवर बसली. डोळ्यांतून पाण्याचा टिपूस आला नाही.

*

सोपानरावांना घरी आणलं तेव्हा गावात सगळ्यांना सगळं कळलेलं होतं. भेटायला येणारी माणसं नारळपाणी घेऊन येत, आणि नारळपाणी ठेवल्यावर इकडेतिकडे बघत. शेजारच्या विठाबाईने तर चुलीशी येऊन सरुबाईच्या कानात विचारलं, "बाईच्या अंगावरच पडले म्हनं. खरं का गं?"

"व्हय," सरुबाई म्हणाली. "खाली फरशी व्हती. बाई नसती तर डोकं फुटलं असतं."

विठाबाई जी गेली ती पुन्हा आठवडाभर फिरकली नाही.

पण बाहेरच्यांना असं तोडून बोलणारी सरुबाई घरात नवऱ्याशी एक अक्षर बोलत नव्हती. औषधं वेळेवर द्यायची, बिनमिठाची भाजी ताटात वाढायची, उठताना काखेत हात घालून आधार द्यायची, पण तोंड मिटलेलं. सोपानराव आधीच अबोल, त्यात खोकला आला तरी बरगड्यांतून कळ निघायची. सून अपेक्षा दोघांच्या मधून पाय न वाजवता वावरत होती. संदेश तर बापासमोर यायचंच टाळत होता. कधी आला तर मोबाइलकडे बघत बोलायचा.

असेच काही दिवस गेल्यावर एका दुपारी सोपानराव ओट्यावर उन्हाला बसले होते. घरात दुसरं कुणी नव्हतं. सरुबाई समोर वाल सोलत बसली. मग मान वर न करता तिने विचारलं, "कवापासनं?"

"काय?"

"नाचायचं."

सोपानरावांनी अंगावरची शाल सारखी केली. "तुंगार्लीच्या हॉलचं रेलिंग केलं बघ. जिन्याचं. तवापासनं."

म्हणजे तीनेक वर्षं. सरुबाईचा हात थांबला.

"सांगा की मंग. का सगळं गावाकडनंच ऐकायचं मी?"

ते सांगायला लागले, अडखळत, मध्ये मध्ये छातीला हात लावत. हॉल म्हणजे एका मंगल कार्यालयाचा वरचा मजला. चैताली दातांची डॉक्टर, रविवारी दवाखाना बंद असला की तिथे नाच शिकवते. सोपानराव जिन्यात वेल्डिंग करत होते आणि वर त्यांची प्रॅक्टिस चालली होती. त्या दिवशी एक बाई जोडीविना राहिली होती. चैतालीने जिन्यात डोकावून हाक मारली होती, काका, पाच मिनिटं नुसते उभे राहाल का?

"हात काळे व्हते. म्हनलं, धुवून येतो."

"ती ज्योत्स्नाबाई व्हती?"

"व्हय. त्यांनी हात खांद्यावर ठिवला. माझं काळीज असं उडाय लागलं, म्हनलं हे बरं न्हाई, पळावं हितनं. पन बाकीची समदी तशीच उभी. म्हातारी, तरणी. कुनी कुनाकडं बघंना. मंग चाललो. पयलं नुसतं चालायचंच असतंय गं त्यात."

"बाई आवडली तुमाला?"

"न्हाई. तसलं काय न्हाई." ते समोरच्या खळ्याकडे बघत राहिले. "कुनीतरी आपल्याला धरतंय, ते आवडलं."

सरुबाईच्या हातातली शेंग खाली पडली. ती चोरीची, चाळ्याची, पश्चात्तापाची उत्तरं ऐकायला तयार होती. त्या प्रत्येकावर काय बोलायचं, हे तिने चुलीपुढे बसून मनाशी जुळवून ठेवलं होतं. या उत्तरावर तिच्याकडे काहीच नव्हतं.

"मला कदी धरलं न्हाई ते," ती म्हणाली. स्वतःचा आवाज तिला परका वाटला.

"लाज वाटायची."

"तितं न्हाई वाटली?"

"तितं समदेच धरत्यात."

सरुबाई वालाचं ताट उचलून आत गेली आणि अंधाऱ्या माजघरात कणगीला टेकून उभी राहिली. इतक्या वर्षांचा संसार. दोन पोरं झाली, त्यातलं एक गेलं. ते गेलं तेव्हाही हा माणूस दाराच्या चौकटीत उभा होता, हात लोंबकळत सोडून. ती चुलीपाशी बसून होती. दोघांच्या मध्ये पुरते चार हातही नव्हते. तेवढं अंतर तो चालून आला नाही. आणि मग तिला हेही आठवलं की तीही उठली नव्हती. हे आठवल्यावर तिला जास्तच राग आला, आणि तो कुणावर काढावा हे कळेना.

*

पुढच्या रविवारी जेवणं झाल्यावर सरुबाई धुवट नऊवारी नेसली, अपेक्षाला म्हणाली, "आलेच लोणावळ्यासनं," आणि फाट्यावर जाऊन टमटममध्ये बसली. कशाला जातोय, हे तिला नीट सांगता आलं नसतं. जिथे तो पडला ती फरशी बघायची होती. भांडायचंही होतं, बहुतेक.

जिन्याचं रेलिंग तिने ओळखलं. वेल्डिंगच्या जोडावर घासून घासून गुळगुळीत करायची सोपानरावांची सवय होती. त्यावर हात ठेवून ती वर गेली. दारातून तिला पहिली चैताली दिसली आणि चैतालीला ती. चैतालीचा चेहरा पांढराफटक पडला. तिने घाईने जाऊन गाणं बंद केलं. हॉलमधल्या जोड्या जागच्या जागी थांबल्या, एकमेकांच्या खांद्यावरचे हात काढून घेत सगळी सरुबाईकडे बघायला लागली. दाराशी चपलांचा ढीग होता. तिने आपल्या चपला त्यात काढल्या.

"मी सोपानरावांची मंडळी," ती म्हणाली. "थांबू नगा. मला बघायचंय."

कुणी हललं नाही.

"काय करत्यात ते मला बघायचंय," ती पुन्हा म्हणाली, "लावा ती पेटी."

चैतालीने गाणं लावलं. सरुबाई भिंतीकडेच्या खुर्चीवर पदर आवरून बसली. आधी जोड्या बिचकत होत्या, मग हळूहळू सुरात आल्या. तिच्या डोळ्यांपुढे गेले कितीतरी दिवस जे चित्र नाचत होतं, त्यातलं इथे काहीच नव्हतं. एक टक्कल पडलेला स्टेशनमास्तरसारखा दिसणारा माणूस आपल्याहून उंच मुलीला इतक्या जपून चालवत होता, जसा काही तिच्या डोक्यावर भरला हंडा आहे. एक नवरा-बायको डोळे मिटून होते. मळणीला बैल फिरतात तशी सगळी एकाच अंगाने गोल फिरत होती, कुणी कुणाला धक्का लावत नव्हतं. मध्येच थांबायची, श्वास घ्यायची, पुन्हा चालायला लागायची.

"हे तर नुसतं चालनं हाय," ती स्वतःशीच म्हणाली.

"हो," शेजारून आवाज आला. ज्योत्स्नाबाई येऊन बसल्या होत्या. आज त्यांनी साधा पंजाबी ड्रेस घातला होता. "मी त्या दिवसापासून नाचले नाही. आजही नुसती येऊन बसले. कसे आहेत ते?"

"बरगड्या लय दुखत्यात. हसू देत न्हाईत, खोकू देत न्हाईत."

"माझ्यामुळे. मला आवाज आला होता मोडल्याचा. तरी मी थांबले नाही."

"थांबला असता तर मी आज पांढऱ्या कपाळानं बसले असते," सरुबाई म्हणाली. मग तिने विचारलं, "तुमचे मालक?"

"वारले. बरीच वर्षं झाली. एकटी राहते मी, वळवणला." ज्योत्स्नाबाई तिच्याकडे वळल्या. "तुमच्या मनात काय येत असेल, ते मला समजतं. काहीही विचारा. मी खरं सांगेन."

सरुबाईच्या मनात विचारायचं खूप होतं. पण तोंडातून निघालं ते वेगळंच. "धरत्यात म्हंजी कसं धरत्यात? मला दावा."

ज्योत्स्नाबाई उठल्या. सरुबाईही उठली. समोरासमोर उभ्या राहिल्यावर तिला पळून जावंसं वाटलं, जिन्याखाली, थेट रस्त्यावर. पण ज्योत्स्नाबाईंनी तिचा एक हात आपल्या हातात घेतला, दुसरा आपल्या खांद्यावर ठेवून घेतला आणि स्वतःचा तळवा तिच्या पाठीवर टेकवला. दाबला नाही, नुसता टेकवला. त्यांचं कपाळ तिच्या कपाळाशी आलं.

"आता काही करायचं नाही," त्या म्हणाल्या. "श्वास घ्या."

सरुबाईने श्वास घेतला आणि तो आत गेला तो बाहेर येताना हुंदका होऊनच आला. दवाखान्यातल्या फरशीवर आलं नव्हतं, घरी आलं नव्हतं, ते सगळं एकदम आलं. ती मोठ्याने, गावाकडे रडतात तशी रडली. गाणं चालूच होतं. जोड्या त्यांना वळसा घालून पुढे जात होत्या, कुणी थांबून बघत नव्हतं. ज्योत्स्नाबाई हलल्या नाहीत. आपण दुसऱ्या माणसाच्या खांद्यावर शेवटचं डोकं कधी ठेवलं होतं, ते सरुबाईला आठवेना. आईच्या ठेवलं असेल, लग्नाआधी.

प्रॅक्टिस संपल्यावर चहा आला. आता माणसं धीर करून जवळ आली, सोपानकाका कसे आहेत म्हणून विचारू लागली. एका मुलीने चिवड्याची प्लेट पुढे करत विचारलं, "काकू, ती शेंगदाण्याची चटणी तुम्हीच करता ना? आम्ही रविवारची वाट बघायचो."

सरुबाईने वर पाहिलं. तिची चटणी ही माणसं खात होती तर.

"आणि काका नाहीत तर चहाला मजाच नाही," टक्कलवाले गृहस्थ म्हणाले. "ते गलांडेसाहेबांची नक्कल करतात ना, त्याशिवाय कुणी उठायचंच नाही इथून."

"कोन करतं?"

"सोपानकाका. त्यांच्या कंपनीतले ते फोरमन, मशीन बंद पडली की मशीनशी लाडात बोलणारे आणि कामगारांवर खेकसणारे. अहो, हसून हसून पोट दुखतं. इतकं बोलतात काका, थांबत नाहीत! घरी तर तुमची धमालच असेल."

सरुबाईने हातातला कप खाली ठेवला. परक्या बाईच्या खांद्यावर डोकं, त्याचा धक्का तिने पचवला होता. पण हे कुठे ठेवावं? घरात दहा वाक्यं बोलणारा माणूस इथे थांबत नव्हता. इतक्या वर्षांत तिने त्याची एक नक्कल बघितली नव्हती. नक्कल येते, हेच तिला माहीत नव्हतं. गलांडेसाहेब हे नावसुद्धा ती पहिल्यांदा ऐकत होती. या खोलीतल्या प्रत्येकाने तिचा नवरा बघितला होता, आणि तिने बघितला नव्हता.

ती तडक उठली. चैताली जिन्यापर्यंत मागे आली. "काकू, काही चुकलं का आमचं? काका परत आलेले तुम्हाला आवडणार नसेल, तर आम्ही…"

"डाक्टर व्हय म्हनले की धाडते," सरुबाई चपला घालत म्हणाली. "पन आता खोटं सांगून न्हाई येनार. आन् ज्योत्स्नाबाईस्नी सांगा, घरी या. एकट्या कशाला बसता म्हनावं वळवणला."

*

ऊन अजून ओट्यावर होतं. सोपानराव खांबाला टेकून बसले होते. बायको तरातरा येताना दिसली तसे ते सावरून बसले.

"कुटं गेलतीस?"

"तुमच्या बैठकीला."

त्यांच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं. ती समोर येऊन बसली, मांडी घालून, पायरी अडवून.

"गलांडेसायेब कोन?"

"आँ?"

"गलांडेसायबाची नक्कल करता म्हनं. करून दावा."

"हितं?"

"हितं. समद्या लोणावळ्याला दावलीत. मीच कशी काय ऱ्हायले?"

"अगं, बरगड्या…"

"हळू करा. पन करा."

सोपानरावांनी इकडेतिकडे बघितलं. गल्लीत कोणी नव्हतं. त्यांनी घसा साफ केला, कळ आली म्हणून थांबले, मान खाली घातली. सरुबाईला वाटलं, आता हा माणूस उठून आत जाणार. पण त्यांनी हळूच हात पुढे केला आणि ओट्याच्या लाकडी खांबावरून फिरवला, लाडक्या लेकराच्या पाठीवरून फिरवावा तसा. "काय झालं रे माझ्या बाळा," ते अगदी वेगळ्याच, नाकातल्या, मायाळू आवाजात म्हणाले, "रागावलास? कुणी काय म्हटलं का तुला?" आणि तशीच मान गर्रकन वळवून, डोळे वटारून खेकसले, "ए गाढवा, बघतो काय! पान्हा दे! बाळ रडतंय दिसत न्हाई?"

सरुबाई त्यांच्याकडे बघतच राहिली. तोंडावर हसू नव्हतं, नुसता अचंबा होता. हा आवाज तिच्या घरात कुठे होता इतकी वर्षं? सोपानराव घाबरून गप्प झाले. मग ती खळखळून हसली. हसता हसता तिने त्यांच्या गुडघ्यावर थाप मारली. तेही हसायला गेले आणि छाती धरून कळवळले, तरी हसायचे थांबेनात. तिने पुढे सरकून त्यांच्या पाठीला हात लावला, आणि हात तिथेच राहू दिला.

त्याच वेळी संदेश मोटारसायकलवरून आला. आईचा मोठा आवाज लांबून ऐकून तो भेदरून गाडी पळवत आला होता. फाटकात येऊन बघतो तर आई-बाप भर दिवसा ओट्यावर एकमेकांना धरून बसलेले, दोघांच्या डोळ्यांत पाणी. त्याने पाय जमिनीला टेकवले, पण गाडीवरून उतरायचं त्याला सुचेना.

"आये, काय झालं? आबांना काय झालं?"

"गाडी बंद कर आदी," सरुबाई म्हणाली. "आन् ये, बस हितं." मग ती नवऱ्याकडे वळली. "परत करा वो. पोरानं बी बघितलं न्हाई."

सोपानरावांनी मुलाकडे पाहिलं, ओठ ओले केले आणि खांबाकडे हात नेला.